मुदखेडच्या गाडीतली पिशवी

"ती तार बरी व्हती बाई. ही सुतळी दोन दिसांत कुजती. आता पोहऱ्याला काय मंगळसूत्र बांधू?"

केवळाबाईची ही कुरकुर स्वयंपाकघराच्या खिडकीखालीच चालली होती. आत शिवम्मा चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. खिडकी आणि विहिरीचा कठडा यांच्यात जेमतेम चार हातांचं अंतर, त्यामुळं गावातली निम्मी गाऱ्हाणी तिला घरबसल्या ऐकायला मिळायची. एरवी ती आतूनच एखादं उत्तर फेकायची आणि बाहेर हशा व्हायचा. आज तिनं नुसती भाकरी उलटली. बाहेर कुणीतरी केवळाबाईला हळूच म्हणालं, "तार म्हनू नगं." मग नुसता कप्पीचा आवाज येत राहिला.

बावीस दिवसांपासून माळटाकळीत तार हा शब्द कुणी मोठ्यानं उच्चारत नव्हतं.

सत्त्याऐंशीचा उन्हाळा होता. पाऊस सलग दोन वर्षं तोंड चुकवून गेला होता. माळटाकळी अहमदपूर आणि लोहा यांच्या मधोमध, नव्या लातूर जिल्ह्याच्या अगदी काठावर. जिल्हा वेगळा होऊन पाच वर्षं झाली होती. कचेऱ्यांच्या पाट्या रंगवून झाल्या होत्या, पण जुनी दप्तरं धाराशिवहून निघाली होती ती अजून वाटेतच होती म्हणायची. गावात पाणी म्हणाल तर एकाच विहिरीला, शिवम्माचा नवरा नागप्पा दुकानदार याच्या परसातल्या. ती विहीर मागल्या साली फोडून खोल केली होती नरसिंगनं.

नरसिंग विहिरी फोडायचा. कातळाला भोकं पाडायची, त्यात सुरुंगाच्या दारूचा तोटा ठासायचा, तोट्याला तो पेटवणारी टोपी लावायची, टोपीची बारीक तार लांबवर ओढून आणायची आणि सगळ्यांना लांब पिटाळून बॅटरीला टेकवायची. सुरुंग उडाल्यावर उरलेली तार तो निगुतीनं गोळा करायचा. लाल, पिवळी, क्वचित निळी. त्याची बायको पंचशीला त्या तारेच्या पिशव्या विणायची. जी विहीर पाण्याला लागेल त्या घरच्या बाईला एक पिशवी, असा तिनं आपला आपणच रिवाज पाडला होता. बाकीची तार गावात मुरली. कपडे वाळत घालायला, बाजेची वीण दुरुस्त करायला, पोहऱ्याचा कान बांधायला. सरजाबाईच्या सासऱ्याचा चष्मा तर डाव्या बाजूनं काडीवर आणि उजव्या बाजूनं पिवळ्या तारेवर होता.

शिवम्माची पिशवी लाल होती. तिला पिवळी नागमोडी किनार. गावातल्या कुठल्याच पिशवीला तशी नव्हती. कारण पंचशीलानं ती करताना म्हटलं होतं, "आक्का, तुमच्या हिरीला पानी वाकडंतिकडं आलं, म्हनून किनार बी वाकडी."

पाणी लागल्या दिवशी नागप्पानं नरसिंगला टॉवेल-टोपी दिली, नारळ दिला. बौद्धवाड्यातल्या बायकांनी इथून पाणी न्यावं, असंही मोठ्या मनानं सांगितलं. फक्त दोराला हात लावायचा नाही. पाणी घरच्या माणसानं शेंदून वरून ओतायचं. म्हणजे विहिरीच्या तळाशी उतरायला नरसिंग चालत होता, वरच्या दोराला पंचशीला चालत नव्हती. शिवम्मालाही तेव्हा त्यात काही खटकलं नव्हतं, हे सांगितलं पाहिजे. ती रोज दोन घागरी शेंदून पंचशीलाच्या घागरीत ओतायची आणि ओतता ओतता दोघी गप्पा मारायच्या. आपण फार चांगल्या आहोत असंच तिला वाटायचं.

तर ती पिशवी.

शिवम्माच्या वारलेल्या वडिलांचं गजराचं घड्याळ बंद पडलं होतं. ते दुरुस्त करून आणायला ती नांदेडला गेली. येताना दुकानासाठी टॉर्चचे डझनभर सेल घ्यायला नागप्पानं सांगितलं होतं. घड्याळवाल्यानं घड्याळ चालू करून दिलं. पंच्यात गुंडाळलं तरी टिकटिक ऐकू यायची. शिवम्माला त्याचा आनंदच झाला, म्हातारा परत बोलायला लागला म्हणून.

नांदेडच्या स्टँडवर गाडी लागली की आधी खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, जे हाताशी असेल ते आत टाकायचं आणि मग दाराच्या रेटारेटीत शिरायचं, ही रीत कुणाला सांगायला नको. शिवम्मानंही पिशवी खिडकीतून सीटवर टाकली. पण दोन गाड्या अंगाला अंग लावून उभ्या होत्या आणि दोन्ही गाड्यांची गर्दी मधल्या बोळात एक झाली होती. त्या लोंढ्यानं तिला उचललं आणि शेजारच्या गाडीच्या दारात नेऊन सोडलं. चढली ती अहमदपूरच्या गाडीत. पिशवी गेली मुदखेडच्या गाडीत. "माझी पिशवी ठेवलीया हितं" म्हणत ती एका बाईशी चांगली भांडली, तोवर मुदखेडची गाडी फाटकाबाहेर पडली होती. केवळाबाई अहमदपूरच्या गाडीतच मागच्या सीटवर होती. तिनं सगळं भांडण ऐकलं आणि गावात उतरेपर्यंत शिवम्माची चेष्टा केली.

आता असं बघा. पंजाबातल्या अतिरेक्यांच्या बातम्या आणि नांदेडला मोठा गुरुद्वारा, त्यामुळं त्या वर्षी तिथं जागोजागी बंदोबस्त. आणि मुदखेडच्या स्टँडवर रिकाम्या गाडीत कंडक्टरला काय सापडलं, तर सुरुंगाच्या तारेनं विणलेली पिशवी, आत बारा सेल, आणि पंच्यात गुंडाळलेलं टिकटिक करणारं घड्याळ. स्टँड रिकामा केला, दुकानं बंद केली, वाळूची पोती आणली. तिसऱ्या दिवशी पेपरात आलं की बॉम्ब नव्हता, पण बॉम्बची तयारी होती.

नागप्पानं ती बातमी वाचली, पेपर घडी करून गल्ल्याखाली ठेवला आणि दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं. आत येऊन त्यानं शिवम्माला गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घ्यायला लावलं.

"शपथ घे. पिशवी तुजी हाय हे कुणाला सांगनार न्हाईस."

"आवं, जाऊन सांगितलं तर दोन शब्द ऐकून घेईन. घड्याळ तरी मिळंल."

"टाडा कायदा लागलाय, शिवम्मा. त्यात जामीन न्हाई. वर्स वर्स आत ठेवत्यात, कशापायी ते बी सांगत न्हाईत. पोलिसापुढं जे बोललं तेच कोर्टात खरं. तू बोलायला लागलीस की थांबत न्हाईस. घड्याळापासून सुरू करशील आन माझ्या आज्यापर्यंत जाशील."

तिनं शपथ घेतली. कुणाचंच काही बिघडणार नाही, पिशवी बेवारस आहे ती बेवारस राहील, असं तेव्हा दोघांनाही वाटलं होतं.

पण तार बेवारस नव्हती. असली तार विहिरी आणि खाणी फोडणाऱ्यांकडंच मिळते. आठ दिवसांत जीप माळटाकळीत आली. नरसिंगच्या घरात तारेची भेंडोळी आणि अर्धवट विणलेल्या दोन पिशव्या सापडल्या. तोटे वापरायचा परवाना होता ठेकेदाराच्या नावावर, नोंद होती धाराशिवच्या दप्तरात, आणि लातूरच्या नव्या कचेरीत विचारलं तर तिथं असा कागदच नाही. ठेकेदारानं हात वर केले. नरसिंग नावाचा माणूस आपल्याकडं कधी नव्हताच, म्हणाला. चौदा वर्षं विहिरी फोडलेल्या माणसाला जीपमध्ये बसवलं तेव्हा तो म्हणत होता, "साहेब, निवृत्ती कोतवालाच्या हिरीत एक भोक न उडता ऱ्हायलंय. कुनाला उतरू देऊ नका."

त्या दिवशी गावातली सगळी तार चुलीत गेली. उघड्यावर जाळायला नको म्हणून बायकांनी चुलीत जाळली आणि घराघरातून सारखाच घाण वास आला. सरजाबाईच्या सासऱ्याचा चष्मा कानाला दोरा बांधून राहिला. आणि नागप्पाच्या दुकानाच्या ओट्यावर ठाण्यातल्या ज्ञानोबा जमादाराची खुर्ची आली.

जमादार स्वभावानं वाईट नव्हता. पोटाचा त्रास होता म्हणून जरा चिडका होता एवढंच. त्याच्यापुढं एक वही. गावाबाहेर जाणाऱ्यानं नाव सांगायचं, कुठं चाललो ते सांगायचं, पिशवी उघडून दाखवायची. चार माणसं पारावर बसली की तो खाकरायचा. बौद्धवाड्यातल्या तीन पोरांना रोज संध्याकाळी हजेरी होती. का, ते त्यांनी विचारलं नाही आणि जमादारालाही माहीत नसावं. हळूहळू लोकांनी पिशव्याच सोडल्या. मीठ, चहापत्ती, गोळ्या, सगळं पदराच्या गाठीत येऊ-जाऊ लागलं. बायका मुठी आवळून चालताना दिसायच्या. एका म्हातारीला पदरातलं खोबरं सोडून दाखवायला लागलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, अजून काय काय सोडू?" जमादारानं मान खाली घालून 'खोबरं' असं लिहिलं.

आणि पिशवी कुणाची हे गावाला ठाऊक होतं. केवळाबाईनं गाडीतली गंमत पहिल्याच दिवशी घरोघर सांगितली होती. नंतर तिनं ती परत कुणाला सांगितली नाही. नागप्पाच्या विहिरीवर सगळ्यांच्या घागरी होत्या. शिवाय एकीनं तोंड उघडलं की पुढचा प्रश्न ठरलेला, तुमच्या घरची तार कुठं गेली. त्यामुळं बाया शिवम्माला पहिल्यापेक्षा जास्त मान देऊ लागल्या. ती आली की वाट द्यायच्या. तिच्याकडं बघायच्या नाहीत. घड्याळवाला तरी पेपर वाचून पुढं येईल, अशी आशा शिवम्मानं काही दिवस धरली. पण त्यालाही घरदार असणार.

पंचशीला मात्र रोज येत होती. पाणी सोडून जाणार कुठं? घरी सासू कोंडाबाई अंथरुणाला खिळलेली. रांगेत शेवटी उभी राहायची. शिवम्मा शेंदायची, ओतायची. पहिले आठ दिवस दोघी एक शब्द बोलल्या नाहीत. मग एका सकाळी पंचशीला घागरीच्या तोंडाकडं बघत म्हणाली,

"काल ठाण्यात बलावलं व्हतं, आक्का."

पाणी घागरीबाहेर सांडलं.

"साहेबानं पिशवी टेबलावर ठिवली. म्हनला, कुनाला दिली व्हती सांग. म्या म्हनलं, ईस-पंचवीस इनल्या, कुनाकुनाची याद ठिवू? तर म्हनला, नीट बघ, किनार हाय." पंचशीलानं घागर उचलून कमरेवर घेतली. "माझ्या हातची वीण मला वळखू येत न्हाई, असं म्या म्हनलं."

आणि ती गेली.

शिवम्मा त्या दिवशी पूजेला बसली. लिंगावर पाणी घालायला पळी उचलली आणि तशीच धरून राहिली. पाणी त्याच विहिरीचं होतं. पंचशीलानं नाव का घेतलं नाही, याची उत्तरं ती स्वतःला देत बसली. मायेपोटी, हे एक उत्तर. ते तिला फार आवडलं. पण ते टिकलं नाही. खरं उत्तर साधं होतं. दुकानदाराच्या बायकोचं नाव पंचशीलानं घेतलं असतं तर कुणी खरं मानलं नसतं, आणि दुसऱ्या दिवशी तिची घागर कोरडी परत गेली असती. हे तिला घागर घेऊन समोर उभी राहणारी बाई रोज न बोलता सांगत होती.

दुपारी जमादाराला चहा दिल्यावर शिवम्मा तिथंच थांबली.

"जमादार, त्या पिशवीचं मला जरा सांगायचं व्हतं."

"साखर कमी हाय, येवढंच सांगा," जमादार म्हणाला. नागप्पा आत वजनं पुसत होता. जमादारानं त्याच्याकडं बघितलं, आवाज खाली आणला. "आक्का, म्या बी लेकराबाळाचा हाव. ऐका. कागदावर एक नाव चढलंय. तुमी बोललात तर ते खोडत न्हाईत, त्याच्याखाली दुसरं लिवत्यात. त्याची बायको तार इनती, तुमी सेल आनता, म्हंजे टोळीच झाली की. एका माणसाचं आयुष्य गेलंय, दोघांचं कशाला घालवता?"

"मग त्याचं काय?"

"त्याचं वरचे बघतील." त्यानं चहा बशीत ओतला. "म्या काय ऐकलं न्हाई, बरं का."

इतकं सोयीचं उत्तर शिवम्माला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं. दोन नावांपेक्षा एक नाव बरं. त्यावर ती चार-पाच दिवस नीट जेवली. नागप्पाही खूश झाला. म्हणाला, बघ, कायद्याच्या माणसानंच सांगितलं. पण हिशेब कितीही वेळा मांडला तरी त्यात जे एक नाव उरायचं ते कधी तिचं नसायचं. हे ध्यानात आलं आणि ती परत अर्ध्या भाकरीवर उठू लागली. घर तेच होतं, दार उघडं होतं, तरी ती उंबऱ्यापर्यंत जाऊन परत यायची. बाहेर गेलं की वही होती. विहिरीवर गेलं की पंचशीला. आत बसलं की नागप्पा, जो तिच्याशी इतकं गोड बोलू लागला होता की लग्नाच्या पहिल्या वर्षातही बोलला नव्हता.

शनिवारी पंचशीलाला भेट मिळाली. रविवारी ती पाण्याला आली तेव्हा केवळाबाईनं न राहवून विचारलं, "बरा हाय का गं?"

"हाय. डाव्या कानानं ऐकू येत न्हाई म्हनला."

"सुरुंगाचं काम, व्हायचंच."

"न्हाई," पंचशीला म्हणाली. "परवापर्यंत येत व्हतं."

कप्पी थांबली. शिवम्मानं पोहरा ओतला, घागर भरली, तरी ती ओततच राहिली. पाणी घागरीवरून, पंचशीलाच्या पायांवरून वाहत गेलं. दुष्काळातलं पाणी मातीत जिरत होतं.

सोमवारी सकाळी जमादार परसात आला. बगलेत कागद, हातात शाईची डबी. मागं नागप्पा आणि निवृत्ती कोतवाल. विहिरीवर पंधरा-वीस बायका होत्या.

"पंचशीला नरसिंग, हिकडं ये." त्यानं कागद कठड्यावर पसरला आणि उडू नये म्हणून वर शाईची डबी ठेवली. "आज कागद वर जायचे हायेत. हे पंच. पिशवी तुमच्या घरातून, तुज्या नवऱ्याच्या हातून गेली, आन तू ती वळखली, येवढंच लिवलंय. अंगठा दे."

"आन न्हाई दिला तर?"

जमादारानं रुमालानं तोंड पुसलं. "वरचे तुला बी न्यायचं म्हनायलेत. अंगठा दिलास तर तू घरी ऱ्हाशील. म्हातारीकडं कोन बघंल? म्या तुज्या भल्याचं सांगतोय, बाई."

"आन त्यो?"

"त्येला लांबच्या जेलात हलवतील. मग भेट बंद."

पंचशीला उभीच राहिली. तिनं कुणाकडं बघितलं नाही, शिवम्माकडंही नाही. मग तिनं हात पदराला पुसला, कोरडा केला. शाई नीट लागावी म्हणून माणूस पुसतो तसा.

"आधी पंचांची सही घ्या," निवृत्ती कोतवाल म्हणाला. त्याला लवकर सुटायचं होतं. जमादारानं पेन नागप्पापुढं धरलं. नागप्पानं चष्मा नाकावर सरकवला, वाचल्यासारखं केलं. आणि पेन कागदाला टेकवलं.

शिवम्माच्या हातात भरलेला पोहरा होता. तिनं तो कठड्यावर ठेवला. ठेवताना कागदाच्या कडेवर पाणी पडलं.

"थांबा जरा," ती म्हणाली.

"अगं, तू आत जा," नागप्पा मान वर न करता म्हणाला. "शपथ हाय तुला."

"ठाऊक हाय. मोडली. त्याचं माझं मी बघते."

जमादारानं घाईनं कागद उचलून झटकला. "आक्का, चहा ठेवा जावा. हितं सरकारी काम चाललंय."

"तुमाला एकट्याला सांगितलं तर तुमी ऐकलं न्हाई. म्हनून सगळ्यांम्होरं सांगते." शिवम्माचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. तिनं कप्पीच्या खांबाला धरलं. बायकांनी माना खाली घातल्या होत्या. केवळाबाई तोंडात पदर धरून उभी होती. पंचशीला तेवढी आता सरळ तिच्याकडं बघत होती, आणि त्या नजरेत आभार नव्हते, रागही नव्हता. ती फक्त वाट बघत होती.

"लिवा, जमादार. मुदखेडच्या गाडीत पिशवी मी टाकली. अहमदपूरची गाडी समजून, जागा धरायला टाकली. घड्याळ माझ्या बापाचं. सेल ह्या दुकानाचे, ह्यांनी आनायला सांगितलेले. नरसिंगनं ती पिशवी हातात बी धरली नव्हती त्या दिवशी. आन हे मला ठाऊक हाय, ह्यांना ठाऊक हाय, हिला ठाऊक हाय, हितं घागर घेऊन उभ्या हायेत त्या समद्यांना पयल्या दिसापासून ठाऊक हाय."